बड फॉस्टर आणि खाणकामगाराचा डबा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाच्या प्रशिक्षकाचं पद ही मधली पायरी समजली जाते. चार-पाच हंगाम गाजवायचे, एखाद्या विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद पदरात पाडून घ्यायचं आणि पुढे जायचं. बड फॉस्टर या हिशेबात बसत नाहीत. १९८७ साली ते मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्यासोबत केंटकीतल्या मरे स्टेटमधून ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेकमध्ये आले आणि २०१९चा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिले. त्यातले शेवटचे २५ हंगाम बचावाची सूत्रं त्यांच्याकडे होती. मुख्य प्रशिक्षक मात्र ते कधीच झाले नाहीत. पुष्कळ जण यावर हळहळतात. मला ती हळहळ अस्थानी वाटते. कॉलेजचा खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातो, त्याच्या जागी अठरा वर्षांचा नवा पोरगा येतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्यामुळे बचावाची पद्धत संघात मुरत नाही, शिकवणाऱ्यात मुरते. फॉस्टर यांचं मोठेपण त्यांच्या टिकून राहण्यात आहे, असं माझं मत आहे.

१९९५च्या हंगामात त्यांना रॉड शार्पलेस यांच्या जोडीने बचावाची जबाबदारी मिळाली. सुरुवातीचे दोन्ही सामने संघ हरला. सिनसिनाटीविरुद्ध तर एकही गुण करता आला नाही. त्यानंतर लागोपाठ दहा विजय आले, त्यातला शेवटचा शुगर बोलमध्ये टेक्सासवर, २८-१० असा. याच वर्षी शार्पलेस यांच्या सासूबाईंनी खाणकामगाराचा एक जुना, पोचे पडलेला जेवणाचा डबा मिळवून दिला. त्यात संघाची उद्दिष्टं लिहिलेला कागद ठेवायचा, आणि ज्याने आठवडाभर सर्वाधिक कष्ट उपसले त्या बचावपटूने तो सामन्याला न्यायचा, असा रिवाज पडला. १६ एप्रिल २००७ला विद्यापीठात झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला, तेव्हा त्यांची नावंही त्या डब्यात गेली. ज्या मुलखात कोळशाच्या खाणींवर पिढ्या जगल्या, तिथे ही वस्तू लोकांना आपली वाटणारच. पण डब्यावरच इतकं लिहिलं गेलं आहे, की त्यामागचं शिकवणं झाकलं गेलं. फॉस्टर बचावातले आठ जण पुढे आणून ठेवत. कडेचे दोन कॉर्नरबॅक त्यामुळे बऱ्याचदा एकटे पडत, म्हणून तिथे निधड्या छातीचीच मुलं लागत. ‘व्हिप’ नावाच्या जागी लाइनबॅकरइतका भिडणारा आणि सेफ्टीइतका पळणारा गडी लागे. असे गडी आयते मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. कॅम चॅन्सलर शाळेत क्वार्टरबॅक होता. इथे तो कॉर्नरबॅक, मग रोव्हर, मग फ्री सेफ्टी असा घडत गेला. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं देशात सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव व्हर्जिनिया टेकचा होता. २००६चा सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कारही फॉस्टर यांनाच मिळाला.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की समोरचे संघ दुबळे होते. त्याला ६ सप्टेंबर २०१४चा कोलंबसमधला सामना हे माझ्या मते पुरेसं उत्तर आहे. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट कारकिर्दीतला दुसराच सामना सुरुवातीपासून खेळत होता. फॉस्टर यांनी नेहमीची मांडणी बाजूला ठेवून ‘बेअर’ मांडणी लावली. सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्या थेट समोर एकेक माणूस उभा करून मधली वाट बंद केली. मागे खोलवर राखणीला बऱ्याचदा कुणीच नाही, प्रत्येकाने आपापला रिसिव्हर एकट्याने धरायचा. एक जण चुकला की थेट टचडाउन. बॅरेटच्या २९पैकी फक्त ९ पास पोहोचले, तीन प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि तो सात वेळा चेंडूसकट मागेच पाडला गेला. निकाल ३५-२१. ओहायो स्टेट त्यानंतर एकही सामना हरला नाही आणि राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच हंगामात वेक फॉरेस्टविरुद्ध फॉस्टर यांच्या बचावाने पूर्ण ६० मिनिटांत एकही गुण दिला नाही. पण आक्रमणालाही एक गुण जमला नाही, आणि जादा वेळेत संघ ६-३ असा हरला. सहायकाचं काम सामन्याच्या निकालावरून मोजू नये, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा सामना मला सापडलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१८ साली ओल्ड डोमिनियनने या बचावावर ४९ गुण चढवले. महिनाभराने जॉर्जिया टेकने नुसतं धावून ४६५ यार्ड काढले. पद्धत शिळी झाली, असं तेव्हा बोललं गेलं. शिकवणारा टिकला म्हणजे काम टिकतंच असं नाही, हे मला मान्य आहे. अनुभवी मुलं गेली, नवी तयार नव्हती, आणि इतका धोका पत्करणारी पद्धत कच्च्या हातात फार महाग पडते. पण शिळेपणाचा निवाडा घाईचा होता. पुढच्या वर्षी, १ ऑगस्टला निवृत्ती जाहीर करून खेळलेल्या शेवटच्या हंगामात, याच बचावाने नोव्हेंबरमध्ये लागोपाठ जॉर्जिया टेकला ४५-० आणि पिट्सबर्गला २८-० असं कोरडं ठेवलं. जॉर्जिया टेकची जुनी धावती पद्धत तोवर बदलली होती, त्यामुळे ४५-० ही २०१८ची थेट परतफेड म्हणता येणार नाही. पिट्सबर्गच्या बाबतीत मात्र तशी सबब नाही. पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनिया विद्यापीठाने ३९ गुण करून व्हर्जिनिया टेककडून होणारी सलग १५ वर्षांची हार संपवली. बेल्क बोलमध्ये केंटकीचा लिन बोडेन, मूळचा रिसिव्हर, क्वार्टरबॅकच्या जागेवरून २३३ यार्ड धावला, आणि १५ सेकंद उरले असताना विजयाचा पासही त्यानेच टाकला. फॉस्टर यांचा हिशेब मांडताना नोव्हेंबरच्या दोन शून्यांइतकेच हे दोन पराभवही त्यांच्या नावावर धरावे लागतात.