शबाना दोन, जागा एक

निजामपुऱ्यात आम्ही काही जणी मिळून पायथन या संगणकभाषेचे पहिले धडे मराठीत लिहीत आहोत. आज त्यातला 'डिक्शनरी'चा धडा.

शब्दकोशात शब्द शोधला की अर्थ सापडतो. डिक्शनरीतही तसंच. शब्दाच्या जागी असते ती 'की', अर्थाच्या जागी 'व्हॅल्यू'. भिवंडीत सगळ्यांना कळावं म्हणून उदाहरण घेतलं कांड्या भरण्याच्या मजुरीचं. महिरपी कंस, त्यात अवतरणचिन्हांत शबाना, मग अपूर्णविराम, मग ४२०. नाव मराठीत चालतं. आकडा मात्र इंग्रजी अंकांतच टाइप करायचा.

आमच्यातली एक जण वर्षानुवर्षं मजुरीची वही लिहिते. तिने विचारलं, "शबाना दोघी असल्या तर?"

संगणक शिकलेलीने करून दाखवलं. दुसऱ्या शबानापुढे ३८० लिहिले, की पहिलीचे ४२० गेले. एका कीला जागा एकच. नसलेली की मागितली तर पायथन 'की एरर' दाखवून थांबतं. इथे मात्र काहीच बोलत नाही. वहीत दोन्ही नावं दिसतात तरी. इथे एकीची मजुरीच नाहीशी होते.

म्हणून धड्यात आता की म्हणून नाव नाही, क्रमांक आहे. एकीचा १०१, दुसरीचा १०२. नाव आणि मजुरी त्यापुढे. वही लिहिणारी सोबत नसती, तर हा प्रश्न धड्यात आलाच नसता.

तुमच्या बचत गटाची वही उघडा. एकाच नावाच्या किती जणी आहेत, ते मोजा. मग धडा सुरू करा.