जुना 700आर4 घेताय? आधी हे तपासा

अमेरिकेत जुन्या शेव्हरोलेच्या प्रोजेक्टसाठी जंकयार्डमधून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्यांची नजर हमखास जीएमच्या 700आर4 वर जाते. 1982 साली आलेला हा चार गिअरचा बॉक्स. पहिला गिअर 3.06 असल्याने गाडी जागेवरून जोरात उठते आणि 0.70 च्या ओव्हरड्राइव्हमुळे हायवेवर इंजिन शांत चालतं.

🔧 ओळख: खालच्या पॅनचे बोल्ट मोजा. 16 हवेत, टर्बो 350 या जीएमच्याच दुसऱ्या गिअरबॉक्सला 13 असतात. बाजूला मोठा गोल वायरिंग कनेक्टर दिसला, तर तो 4एल60ई हा नंतरचा बॉक्स. त्याला कॉम्प्युटर लागतो.

🔧 साल: सुरुवातीच्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट 27 स्प्लाइनचा, नंतरचा 30 चा. 1987 ते 1992 मधला मिळाला तर उत्तम.

🔧 तेल: लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल, तर क्लच गेले समजा.

🔧 पॅन: उघडू देत असतील तर उघडाच. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी भुकटी चालते, धातूचे तुकडे दिसले तर सरळ परत फिरा.

बसवताना टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला पाहिजे, नाहीतर पंप फुटतो. कूलरच्या लाइन धुवून घ्या. थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल नीट जुळवल्याशिवाय गाडी अजिबात चालवू नका. जुळणी चुकून तेलाचं प्रेशर कमी पडलं की क्लच लवकर जळतात.

आणि बॉक्स कितीही स्वस्त मिळाला, तरी रिबिल्डचे पैसे बाजूला ठेवूनच सौदा करा!