दवाची चरचर आणि विजेचा हिशेब

हिवाळ्यातील पहाटे शिरोलीच्या बाजूला उच्चदाब मनोऱ्याखाली क्षणभर थांबले, तर वरून एक चरचर ऐकू येते. तारा ज्या चिनी मातीच्या बशांना टांगलेल्या असतात, त्या बशांवरून ती येते. भर दुपारी तोच मनोरा मुका असतो.

कारण गूढ नाही. पाऊस संपतो, गळीत हंगाम सुरू होतो आणि धुराड्यांची राख, वीटभट्ट्यांची काजळी व रस्त्यांची धूळ यांचा थर बशांवर साचतो. कोरडा थर निरुपद्रवी असतो. दव पडले की त्यातील क्षार विरघळतात व थरातून विजेची गळती सुरू होते. या प्रवाहाच्या उष्णतेने थर मध्येच वाळतो, वाळलेल्या पट्ट्यांवर सारा दाब एकवटतो आणि ठिणग्या उडतात. त्या लांबत जाऊन तारेपासून मनोऱ्यापर्यंत पोहोचल्या की प्रचंड ज्वाला उमटते. अभियंते तिला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. वाहिनी तत्क्षणी बंद पडते. मुसळधार पाऊस बशा धुऊन काढतो. घात करतात ते दव, धुके आणि भुरभुर. कोकण किनाऱ्यावर राखेची जागा मीठ घेते.

उपायही ज्ञात आहेत. अतिप्रदूषित भागात बशांच्या पृष्ठभागावरील अंतर किलोव्होल्टमागे १६ ऐवजी ३१ मिलिमीटर ठेवावे, हा संकेत जुनाच आहे. सिलिकॉन रबराचे विद्युतरोधक तर आपला जलविरोधी गुण वर बसलेल्या मळालाही देतात. आणि काहीच नाही तर बशा धुवाव्यात!

मग अडते कोठे? माझ्या मते, जमाखर्चाच्या वहीत. धुण्याचा खर्च वीज कंपनीच्या देखभालीच्या सदरात ठळक दिसतो, म्हणून कात्री प्रथम तेथेच चालण्याचा धोका असतो. वाहिनी बंद पडल्याचा तोटा मात्र शेकडो वह्यांत विखुरतो. ओतशाळेच्या विजेच्या भट्टीतील लोखंड वीज गेली की थंडावू लागते. ते मुशीतच गोठले तर नुकसान त्या कारखानदाराचे आणि बुडालेली पाळी मजुराची. राख उडवणाऱ्याच्या वहीत यातले काहीच नसते. (कधीकधी तो आणि नुकसान सोसणारा एकच असतो, ही गंमत निराळी.) २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन पारेषण आणि वितरण वेगळे झाले, त्यामुळे बशा धुणारी कंपनी एक आणि ग्राहकाच्या शिव्या खाणारी दुसरी, असेही घडू शकते.

तेव्हा वीजदराच्या सुनावणीत ग्राहकांनी केवळ युनिटच्या भावावर भांडू नये. गळीत हंगामाच्या पट्ट्यातील किती मनोरे दव पडण्यापूर्वी धुतले, कोठे बशा बदलल्या आणि पहाटे किती वेळा वाहिनी बंद पडली, याचा तालुकावार तक्ता त्यांनी लेखी मागावा.