माळ्याला जरा थांबवा!

मैत्रिणींनो, लोणावळ्यात, मावळात घरामागे मोकळी जागा आहे ना? मग पहिल्या पावसानंतर माळ्याला ती ‘साफ’ करू देऊ नका! त्या गवतातच टाकळा उगवतो. आषाढात कोवळा असतानाच कांदा-लसणीवर परता. पुढे तो निबर होतो. पाला मात्र जाणत्या बाईला दाखवूनच खुडा हं. भाद्रपदात तिथेच तेरडा फुलतो. मुळासकट आणलेला हाच तेरडा कितीतरी घरी गौर म्हणून पुजतात, आणि लॉनच्या हौसेपायी आपण तो बाजारातून विकत आणतो! दिवाळीनंतर सगळं वाळून ओसाड दिसेल. दिसू द्या. पुढच्या वर्षीचं बी तिथंच पडलेलं असतं. कुंपणाची करवंदाची जाळीही राखा. वैशाखात मुलं तिथून हलायची नाहीत.