वारा, बैल आणि उसाचा चरक

ऊस हे थांबून राहणारे पीक नव्हे. ज्वारी कणगीत वर्षभर टिकते; कापूस घरात भरून ठेवून चांगल्या भावाची वाट पाहता येते. तोडलेल्या उसाचे तसे नसते. तोडणीनंतर त्याचे वजन घटू लागते, साखरेचा उतारा कमी होतो आणि काढलेला रस तर काही तासांतच आंबू लागतो. म्हणून ऊस पिकवणाऱ्याला जमीन आणि पाणी यांबरोबर आणखी एक गोष्ट शेताजवळच लागते, ती म्हणजे ऊस पिळणारी शक्ती. ही शक्ती कोणती आणि ती कोणाच्या मालकीची, या दोन प्रश्नांवर उसाच्या प्रदेशांतील माणसांचे जगणे फार मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले आहे.

वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे परिचित आहे. इ. स. १६४० नंतर तेथे इंग्रज मळेवाल्यांनी उसाची लागवड वाढवली. अटलांटिक महासागरावरून येणारे व्यापारी वारे या बेटावर बिनअडथळा पोहोचतात. विशेष म्हणजे, जानेवारीपासून मे-जूनपर्यंतच्या ज्या कोरड्या महिन्यांत ऊस तोडला जातो, त्याच काळात हे वारे भरवशाने वाहतात. मळेवाल्यांनी या योगायोगाचा पुरेपूर लाभ घेतला. सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ पाचशे पवनचक्क्या होत्या.

या चक्कीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. खाली रुंद व वर निमुळता होत गेलेला दगडी बुरूज, त्याच्या माथ्यावर फिरवता येणारी लाकडी टोपी आणि टोपीला जोडलेली मोठी पाती. टोपीपासून जमिनीपर्यंत येणारा लांब वासा ओढून पात्यांचे तोंड वाऱ्याकडे करीत. पाती फिरली की बुरुजाच्या मध्यातील उभा दांडा फिरे आणि त्याबरोबर तळाशी उभे बसवलेले तीन रूळ फिरू लागत. पहिल्या फटीतून पिळून निघालेला ऊस पलीकडचा मजूर दुसऱ्या फटीतून परत पाठवी. रस पन्हळीतून कढईघराकडे वाहत जाई.

वारा फुकट मिळतो. परंतु दगडी बुरूज आणि रूळ फुकट मिळत नाहीत. चक्की मळ्याच्या मालकाची असे आणि चक्कीवर राबणारी माणसेही त्याच्याच मालकीची असत. आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम व त्यांची संतती यांच्या श्रमांवर हा सारा व्यवसाय उभा होता. वारा रात्री सुटला तर रात्री काम करावे लागे. झोपेने डोळे मिटत असलेल्या मजुराचा हात उसाबरोबर रुळांत ओढला गेला, तर वाऱ्यावर चालणारी चक्की तत्काळ थांबवता येत नसे. म्हणून हात तोडून जीव वाचवण्यासाठी रुळांजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, असे त्या काळच्या वर्णनांत आढळते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १८३८ मध्ये तेथील गुलाम खऱ्या अर्थाने मुक्त झाले. पवनचक्क्या मात्र त्यानंतरही फिरत राहिल्या. बार्बाडोसची मॉर्गन लुईस येथील चक्की १९४७ पर्यंत चालू होती.

महाराष्ट्रातही ऊस होता आणि वारेही होते; मग येथे वाऱ्यावर चालणारे चरक का दिसत नाहीत? एक महत्त्वाचे कारण ऋतुचक्रात सापडते. आपल्याकडे जोराचा वारा येतो तो पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या महिन्यांत. त्या वेळी ऊस शेतात वाढत असतो. गाळप सुरू होते ते दिवाळीनंतर, वारा पडल्यावर. आज सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत; पण त्या वीज निर्माण करतात आणि ती वीज तारांमधून कोठेही नेता येते. जुन्या काळच्या चरकाला ही सोय नव्हती. त्याला हिवाळ्यात हाताशी असलेली शक्ती हवी होती आणि ती गोठ्यात होती.

गुऱ्हाळाचा चरक बैल फिरवीत. पूर्वी बाभळीच्या लाकडाचे रूळ असत; पुढे लोखंडी आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तेथील कारखान्यात लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होऊ लागले. चरकाला जोडलेल्या लांब दांडीला बैल जुंपून गोल फिरवीत. एकाचा चरक, दुसऱ्याची काहील, तिसऱ्याची बैलजोडी अशी सावड करून शेतकरी पाळीपाळीने एकमेकांचा ऊस गाळीत. चरक नसेल तर तो भाड्याने आणीत. येथेही हात चरकात सापडत आणि माणसे अधू होत. पण बैल थांबवता येत आणि बैलांचा धनी बहुधा तेथेच उभा असे.

रस काहिलीत उकळू लागला की गुळव्याचे राज्य सुरू होई. रानभेंडीचा चीक घालून तो मळी वर आणी आणि झाऱ्याने काढून टाकी. चुलाणात वाळलेली चिपाडे जळत. पाक झाला की नाही हे ठरवायला त्याच्याकडे कोणतेही यंत्र नव्हते. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी बोटांनी दाबून तो निर्णय देई आणि त्या निर्णयावर वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरे. गुळाच्या या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही पेठ वसवली.

तरीही गुऱ्हाळ शेतकऱ्याला सुखी करीत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चरक त्याचा असला, तरी गुळाचा भाव त्याच्या हाती नव्हता. भाव कोसळला की सावकाराचे देणे वाढे. साखर कारखाने होते, पण ते खासगी कंपन्यांचे होते. अहमदनगर जिल्ह्यात (आजचा अहिल्यानगर जिल्हा) लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू झाले. येथे रूळ फिरवणारी शक्ती वाफेची होती आणि ती वाफ उसाच्याच चिपाडांवर तयार होत होती. बार्बाडोसमध्ये जे एका मालकाचे होते, ते येथे ऊस पिकवणाऱ्या सभासदांचे झाले.

मात्र सभासद झाला तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा नव्हे. कारखान्याची चाके हंगामात रात्रंदिवस फिरतात आणि त्यांना ताजा ऊस अखंड लागतो. ऊस तोडणीची यंत्रे आली असली, तरी बरीचशी तोडणी अजून हातांनीच होते. त्यासाठी बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या किंवा ट्रकमधून निघतात, फडाजवळ पाली ठोकून राहतात आणि मध्यरात्री वाहन आले तरी उठून मोळ्या भरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची असते. त्याच्या हिशेबात नवरा आणि बायको अशा दोन माणसांची मोजणी बहुधा एकच होते : एक कोयता.