फक्कीच्या रेघा आणि ड्रोनचे फोटो
शेताला सात-बारा असतो. गावातल्या घराला काय असतं? महाराष्ट्रातल्या असंख्य गावठाणांची मोजणी वर्षानुवर्षं झालीच नव्हती. घराची हद्द जुन्याजाणत्यांच्या सांगण्यावर ठरायची आणि कर्जासाठी बँकेपुढे ठेवायला नकाशा नसायचा. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभाग आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांनी ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना आली आणि ही पद्धत देशभर पोचली.

ड्रोन उडण्याआधी गावात चुन्याची फक्की पडते. भूमापन कर्मचारी मालकांना नि शेजाऱ्यांना बोलावून घेतात आणि त्यांच्यासमोर प्रत्येक मिळकतीच्या कडेने पांढरी रेघ ओढतात. सगळ्या कामाचा जीव या रेघेत आहे. कॅमेऱ्याला भिंत दिसते, मालकी दिसत नाही.

मग ड्रोन ठरलेल्या समांतर ओळींत फिरत खालचे फोटो घेतो. पण फोटो म्हणजे नकाशा नव्हे. फोटोत उंच इमारती मध्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेल्या दिसतात, आणि चढावरची जमीन कॅमेऱ्याला जवळ असल्याने मोठी उमटते. त्यामुळे अशा फोटोवर पट्टी ठेवून अंतर मोजलं तर ते चुकतं.

यावरचा उपाय विमानातून फोटो काढण्याच्या काळापासून चालत आलेला आहे. एका ओळीतल्या लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ६० टक्के भाग सारखा ठेवायचा, शेजारच्या ओळींत ३० टक्के. ड्रोनसाठी हे प्रमाण आणखी वाढवतात. एकच कोपरा दोन जागांवरून दिसला, की आपल्या दोन डोळ्यांना खोली कळते तशी त्याची उंची काढता येते. जमिनीवर ठळक खुणा करून त्यांचं नेमकं स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून मोजलेलं असतं; त्यांच्याशी सगळे फोटो जुळवले जातात. उंचीमुळे आलेला झुकाव काढला, की सर्वत्र एकाच प्रमाणाचं चित्र मिळतं. त्याला ऑर्थोफोटो म्हणतात. गावठाणाचा नकाशा १:५०० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाच मीटर.

तरीही चिंचेच्या झाडाखालची किंवा पुढे आलेल्या पत्र्याखालची रेघ वरून दिसत नाही. तिथे कर्मचारी नकाशा घेऊन पुन्हा दारात जातात आणि टेपने मोजतात. हरकती ऐकून झाल्यावरच घराच्या मालकीची नोंद असलेली मिळकत पत्रिका तयार होते.