कुरआन : विषयांची जुळणी आणि सूरांची घडण

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात विनोबा भावे यांचे नाव मुख्यतः ग्रामदानाशी जोडले जाते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गावातील जमीन ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. याच विनोबांनी वर्ध्यात राहून अरबी भाषा आत्मसात केली, कुरआन मुळातून वाचला आणि १९६२ मध्ये, पूर्व पाकिस्तानातील पदयात्रेच्या सुमारास, त्यातील १,०६५ वचनांचा विषयवार संग्रह ‘रूहुल कुरआन’, म्हणजेच ‘कुराणसार’, सिद्ध केला. त्यांच्या कार्याची ही बाजू मात्र मराठी वाचकाला त्या मानाने अपरिचितच राहिली आहे.

असा संग्रह करण्याची गरज का भासावी, हे कुरआनाची मांडणी पाहिली की ध्यानात येते. या ग्रंथात ११४ सूरा, म्हणजे अध्याय, असून प्रचलित गणनेनुसार ६,२३६ आयती, म्हणजे वचने, आहेत. ‘फातिहा’ ही सात आयतींची प्रार्थना आरंभी ठेवून पुढे साधारणपणे लांब सूरा आधी आणि आखूड सूरा शेवटी असा क्रम लावलेला आहे. दुसऱ्या ‘बकरा’ या सूरेत २८६ आयती आहेत, तर १०८व्या ‘कौसर’मध्ये केवळ तीन. हा क्रम अवतरणाच्या काळाचा नाही: मक्केतील आरंभीच्या, छोट्या वाक्यांच्या आणि तीव्र लयीच्या अनेक सूरा ग्रंथाच्या अखेरीस येतात आणि इसवी सन ६२२ नंतर मदिनेत उतरलेल्या, समाजव्यवस्थेचे नियम सांगणाऱ्या काही दीर्घ सूरा आरंभी. अवतरणाचा काळ बाजूला ठेवला तरी एकाच सूरेत ईश्वराचे वर्णन, जुन्या प्रेषितांच्या कथा, वारसाहक्क आणि अंतिम न्यायाचा दिवस हे सारे जवळजवळ नांदते, त्यामुळे पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाणारा नवखा वाचक बहुधा ‘बकरा’ सूरेतच गोंधळतो.

विनोबांनी ही अडचण ईश्वर, भक्ती, धर्म, नीती, मनुष्य, प्रेषित अशा विषयांखाली वचने एकत्र आणून सोडवली. धम्मपदाची ‘नवसंहिता’ करताना त्यांनी हीच पद्धत वापरली होती आणि तेथेही गाथांचा मूळ क्रम बदलला होता. कुरआनाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट अधिक नाजूक होती, कारण श्रद्धाळू मुसलमानाच्या दृष्टीने शब्दांइतकाच त्यांचा क्रमही पवित्र असतो; पाकिस्तानात या पुस्तकावर ते वाचकांच्या हाती पडण्याआधीच टीका झाली, ती याच कारणाने समजून घ्यावी लागते. तरी विषयवार अभ्यासाला मुस्लिम विद्वत्तेतही स्थान आहे आणि फजलुर रहमान यांचा कुरआनातील प्रमुख विषयांवरील १९८० मधील ग्रंथ आजही अभ्यासला जातो. विनोबांच्या संग्रहात मूळ ग्रंथाचा सुमारे सहावा हिस्साच आला आहे, हेही विसरता येत नाही.

विषयवार वाचनाच्या उलट दिशेने जाणारी परंपराही भारतातच सुरू झाली. आझमगढ परिसरातील हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांनी ‘नज्म’, म्हणजे आयतींची अंतर्गत सुसंगती, हे अर्थनिर्णयाचे मुख्य साधन मानले. प्रत्येक सूरेला एक ‘अमूद’, म्हणजे मध्यवर्ती सूत्र, असते आणि विखुरलेले वाटणारे सारे विषय त्या सूत्राला धरून असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही (१९०४–१९९७) यांनी ‘तदब्बुर-ए-कुरआन’ या नऊ खंडांच्या उर्दू भाष्यात हा विचार पुढे नेला आणि बहुतेक सूरा जोडीजोडीने येतात व त्यांचे सात गट पडतात असे दाखवण्याचा प्रयत्न केला. काही जोड्या पटतात, काही ओढूनताणून जुळवल्यासारख्या वाटतात; पण एका सूरेतील विषय एकत्र का येतात, हा त्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही.

बाराव्या ‘यूसुफ’ सूरेत ही घडण सर्वांत स्पष्ट दिसते. बालक यूसुफाला पडलेल्या स्वप्नाने आरंभ होतो आणि ते खरे ठरल्यावर कथा पूर्ण होते. मध्यावर राजाचे स्वप्न असून त्याआधी भावांचा कट, स्त्रीचे प्रलोभन आणि तुरुंगवास अशा गाठी एकामागून एक पडतात, तर त्यानंतर त्या उलट्या क्रमाने सुटत जातात. पुनरावृत्तीचा अर्थही अशाच वाचनाने उलगडतो. मूसा हा कुरआनात सर्वाधिक वेळा नावाने उल्लेखिलेला प्रेषित आहे. पण विसाव्या सूरेत त्याचा ईश्वराशी झालेला संवाद प्रधान आहे, अठ्ठाविसाव्या सूरेत त्याच्या आईची घालमेल आणि त्याचे परागंदा होणे, तर सव्विसाव्या सूरेत फिरऔनाशी, म्हणजे इजिप्तच्या राजाशी, झालेला सामना, ज्याच्या मागोमाग इब्राहीम, नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब यांच्या कथा येतात आणि प्रत्येक कथेअखेर तेच पालुपद घुमते. ‘प्रेषित’ या शीर्षकाखाली हे सारे एकत्र केले की मूसाचे चरित्र हाती येते, मात्र कोणत्या सूरेने त्याला कशासाठी बोलावले होते ते दिसेनासे होते.

‘बकरा’ सूरेतील २३८ आणि २३९ या आयती दोन्ही पद्धतींची कसोटी पाहतात. त्यांच्या आधी घटस्फोटाचे नियम चाललेले आहेत, नंतर विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांच्या निर्वाहाचा विषय पुन्हा सुरू होतो, आणि मध्येच नमाजाची जपणूक करा, भय असेल तर चालता चालता किंवा वाहनावर बसूनही ती अदा करा, असा आदेश येतो. विषयवार संग्रहात या आयतींची जागा उघडच प्रार्थनेच्या प्रकरणात असेल आणि तेथे त्या शोभूनही दिसतील. पण मूळ ठिकाणी वाचल्या तर त्या नवरा-बायकोच्या तुटलेल्या संसाराचा हिशेब मांडणाऱ्यांना मध्येच थांबवतात, आणि ज्या आयतीनंतर त्या येतात तिच्या शेवटाकडे परस्परांतील औदार्य विसरू नका ही सूचना आलेली असते.